मुठीतला स्क्रू

हॉस्पिटलातून घर बघायला आलेल्या त्या व्यायामवाल्या बाईनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि दुसरा टाकायला जागाच सापडेना, म्हणून ती तशीच एका पायावर उभी राहिली. एरवी मला हसू आलं असतं.

"आजी, तुम्ही इथे राहता?" तिनं विचारलं.

"नाही, अधूनमधून फिरायला येतो," मी म्हटलं.

बिचारी ओशाळली. पण तिचं तरी काय चुकलं? आमची बाहेरची खोली बघून कुणीही तेच विचारलं असतं. भिंतीला टेकून पंखे, पंख्यांपुढे मिक्सर, मिक्सरांवर इस्त्र्या, इस्त्र्यांवर रेडिओ, आणि रेडिओंवर असं काही काही की ज्याचं नाव फक्त ह्यांनाच ठाऊक. त्यातून एक वाट. तीही सरळ असेल तर शपथ. ह्यांच्या कामाच्या टेबलाला वळसा घालायचा, पोट आत घ्यायचं आणि मग आतली खोली, मग मोरी. मला ती डोळे मिटून पाठ होती, तरी पायाची करंगळी ठेचायचीच, आणि ठेचली की मी ह्यांचा उद्धार करायचे.

"आजोबांना वॉकर घेऊन चालायचंय," बाई म्हणाली. "उजवा पाय ओढतच चालणार ते. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून मोरीपर्यंत वाट मोकळी हवी. एवढी." एवढी म्हणजे केवढी हे दाखवायला तिनं हात पसरले आणि एक रेडिओ खाली पडला.

"बघा," ती म्हणाली. "मी ह्या घरात पेशंट पाठवू शकत नाही. वाट झाली नाही तर त्यांना पुनर्वसन केंद्रातच ठेवावं लागेल."

शहराबाहेरचं ते केंद्र मी बघून आले होते. वाईट नाही, खोटं कशाला बोलू. स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं. ओळीनं पलंग, पलंगावर म्हातारी माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा छताला. तिथे हे महिनाभरही तगले नसते. मी बाईला म्हटलं, "वाट होईल." म्हटलं आणि माझीच जीभ चावली, कारण तो शब्द ह्यांचा.

आमचे हे दुरुस्तीवाले. विजेवर चालणारी घरातली कुठलीही वस्तू बिघडली की लोक ह्यांच्याकडे आणून टाकायचे, आणि ह्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. वस्तू हातात घ्यायची, कानाशी नेऊन हलवायची आणि म्हणायचं, "होईल." जळलेली असो, पाण्यात पडलेली असो, जिन्यावरून गडगडत आलेली असो. होईल! आख्खी गल्ली ह्यांना होईलकाका म्हणते, पोरंसोरं तर तोंडावर म्हणतात. आणि बहुतेक वेळा व्हायचंही. जे व्हायचं नाही ते मात्र घरात ठाण मांडून बसायचं. ह्यांचं म्हणणं, अजून झालेलं नाही एवढंच, होणारच नाही असं कुणी सांगितलं?

आणि मी कोण? मी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात हयात घालवली. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, सुरकुती दिसली की परत उलगड. दिवसभर असं काम करून घरी यायचं आणि दारातच कुणाचा तरी मेलेला पंखा! आमची भांडणं दुसऱ्या कशावरून झालीच नाहीत. "एक दिवस सगळं भंगारात घालीन," हे माझं पालुपद होतं. हे नुसते हसायचे.

पण त्या पसाऱ्यातही ह्यांचे दोन नियम होते आणि ते कडक. यंत्र उघडलं की त्याचे स्क्रू एका चिंधीत घालून गाठ मारायची आणि ती पुरचुंडी त्याच यंत्राला बांधून ठेवायची. दिसायला सारखे असले तरी एकाचे स्क्रू दुसऱ्याला बसत नाहीत, म्हणायचे. हा एक. आणि दुसरा असा, की उघडं यंत्र उंबऱ्याबाहेर जाणार नाही. दुरुस्त होवो न होवो, सगळे स्क्रू जागच्या जागी आवळून, पुसूनच ते माणसाच्या हातात द्यायचं. "उघडं आहे म्हणजे काम चालू आहे," हे सांगायचे. "बंद केलं की संपलं."

ज्या दिवशी ते पडले त्या दिवशी टेबलावर माझाच पंखा होता. माझ्या उशापाशी असतो तो. घरघरत होता, आणि मी सकाळपासून भुणभुण लावली होती, की दुनियेचे पंखे फिरतात आणि घरधनिणीचा तेवढा रडतो. ह्यांनी मोटरचं टोपण काढलं आणि उजव्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग हेही.

हॉस्पिटलात उजवा हात लोळागोळा, पण डाव्या हाताची मूठ काही केल्या उघडेना. सलाईन लावायची होती. नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही बघा, तुमचं ऐकतील." मी एकेक बोट सोडवलं. आत पंख्याचा स्क्रू. तळहातावर त्याचा लाल ठसा उठला होता. मी तो माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधला, कारण हरवला तर हे माझं डोकं खातील. देवाशपथ, तेव्हा मला हीच काळजी होती.

ह्यांचं बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, जन्मभर तोंडात बसलेला एखादा शब्द तेवढा टिकतो. तहान लागलीय का? "होईल." दुखतंय का? "होईल." मला ओळखलंत का? ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि म्हणाले, "होईल." दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, की पाय थोडाफार येईल, पण उजव्या हाताची आशा धरू नका. मी मान डोलावली आणि चहा प्यायला गेले. चहा प्याले, कप विसळून ठेवला आणि ते वाक्य कुणालाही सांगितलं नाही.

वाट करायला आमची लेक आली. चिमी म्हणतो आम्ही तिला, आता ती चांगली चाळिशीची घोडी आहे तरी. दूरच्या शहरात एका मोठ्या गोदामात मालाची मांडणी बघते. तिच्या गोदामात टाचणी जागेवरून हलली तरी तिला कळतं. बाई कामाला वाघ, गुण माझे. तिनं केस वर बांधले, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "आई, तुझे दिवस आले बघ. काय म्हणायचीस? एक दिवस सगळं भंगारात! चल, आज तो दिवस."

पहिली इस्त्री तिनं उचलली. "ही?"

"ती राहू दे. ती मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंची आहे."

"आई, त्या कधीच गाव सोडून गेल्या."

"असू दे. आल्या तर?"

तिनं मिक्सर उचलला. "हा?"

"तो तर जवळजवळ झालाय. हेच म्हणाले होते."

"हा रेडिओ? ह्याच्यात नुसती हवा आहे, आई."

"तुला काय कळतंय त्यातलं? ठेव खाली."

चिमी खालीच बसली, पंख्याच्या जाळीवर, आणि हसायला लागली. "अगं, तूच ना ती? जन्मभर बाबांच्या नावानं शंख करणारी?" मग ती उठली आणि ज्या ज्या गिऱ्हाइकांचा पत्ता लागला त्यांच्याकडे जाऊन आली. आली ती चेहरा पाडून. कुणालाच काही नको होतं. सगळ्यांनी केव्हाच नवीन घेतलं होतं. वर हसलेही म्हणे, "अजून आहे का होईलकाकांकडे? टाकून द्या हो!"

"मग टाकू?" चिमीनं विचारलं.

मी ढिगापुढे जाऊन उभी राहिले. का ते मलाही कळेना. ज्या ढिगानं माझा जन्म नासवला, त्याला कुणी हात लावला की मला रडू फुटत होतं. आणि मग कळलं. हे सगळं ह्यांच्यासाठी खोळंबलेलं होतं. जोवर ते आहे, तोवर हे येणार, टेबलाशी बसणार, पेटीतून पक्कड काढणार. भंगारवाल्याच्या गाडीवर ते चढलं की मग डॉक्टर बोलला ते खरं. पण असं लेकीला सांगता येतं का? मी आपली तिच्यावरच खेकसले. "टाकायचं नाही म्हटलं ना एकदा!"

चिमी शहाणी, तिनं वाद घातला नाही. "बरं बाई, नाही टाकत. मग निदान नीट मांडू? एका भिंतीला सगळं रचते, वाट होईल. आणि बाबांचं टेबल लावते, त्यांना बरं वाटेल."

"मांड," मी म्हटलं. परवानगी माझीच, हे आधीच सांगते.

मला हॉस्पिटलात जायचं होतं. ह्यांना पलंगावरून कसं उठवायचं, वॉकर कसा धरवायचा, सदऱ्याची लुळ्या हाताची बाही आधी कशी घालायची, हे सगळं ती व्यायामवाली बाई मला शिकवत होती. रोज सकाळी जायचे, संध्याकाळी कंबर धरून यायचे. चिमी मला बाहेरच्या खोलीत थांबूच द्यायची नाही. "पूर्ण झालं की बघ." शेवटच्या दिवशी तिनं माझे डोळे झाकून मला आत नेलं, लहानपणी खेळायची तसं, आणि हात काढले.

वाट झाली होती. सरळ, रुंद, दोन माणसं शेजारी चालतील अशी. सगळी यंत्रं एका भिंतीशी छातीइतकी रचून त्यावर माझ्याच चादरी घातलेल्या, काठाला काठ. टेबल पुसून लख्ख. आणि टेबलावर काचेच्या बरण्या, एका रांगेत. प्रत्येक बरणीत स्क्रू. एकीत बारीक, एकीत त्याहून जाड, एकीत लांब, एकीत काळे, एकीत पितळी. चिमीच्या गोदामासारखं.

"बघ," ती म्हणाली. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या होत्या तिच्या. "सगळ्या गाठी सोडवल्या मी. काय घट्ट मारल्यात! सगळे स्क्रू धुतले, वाळवले, मापाप्रमाणे लावले. आता बाबांना शोधावं लागणार नाही."

मी चादर ओढली. खाली यंत्रं उघडी, पोटं बाहेर आलेली, आणि एकालाही पुरचुंडी नाही. चिंध्यांचा बोळा केराच्या डब्यात होता.

"काय केलंस हे तू?" मी ओरडले. "कुठला कशाचा ते आता कुणाला कळणार? हे बंद कसं करायचं कुणी? बापाला मारून टाकलंस तू, चिमे! जिवंतपणी मारलंस!"

बोलून गेले. तोंडातून निघालेलं परत कुठे गिळता येतं? चिमी रडली नाही. हळूच म्हणाली, "मला माहीत नव्हतं, आई. मला कुणी सांगितलंच नाही." मग म्हणाली, "पण तू मला खरं सांग. बाबा परत बसणार आहेत का ह्या टेबलाशी? डॉक्टरांनी तुला बाहेर नेऊन काय सांगितलं? मी विचारलं तर म्हणालीस, चहा चांगला होता."

मी बसले ती ह्यांच्याच खुर्चीत, जिथे मी कधी बसत नाही. "नाही बसणार," मी म्हटलं. पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो, एकमेकींकडे न बघता, ती जमिनीवर आणि मी खुर्चीत. माफी मी तेव्हा मागितली नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. तिच्या बोटांच्या चिकटपट्ट्या तेवढ्या बदलल्या.

हे घरी आले. व्यायामवाली बाई सोबत होती. वॉकर, डावा पाय, ओढत उजवा, पुन्हा वॉकर. ह्यांनी ती मोकळी वाट बघितली आणि दारातच थबकले. चुकून दुसऱ्याच्या घरात आल्यासारखे भिंतीकडे, छताकडे, माझ्याकडे बघत राहिले. बाईनं वाटेला पसंती दिली, पण चादरीखालच्या ढिगावर बोट ठेवून म्हणाली, "हे मात्र काढा. धक्का लागून अंगावर आलं तर? पुढच्या वेळी मला हे दिसायला नको."

ती गेली आणि ह्यांनी डाव्या हातानं चादरीकडे खूण केली. मी म्हटलं, "अहो, आधी जेवा तरी." परत खूण. मी म्हटलं, "मग दाखवते." ह्यांनी वॉकर जमिनीवर आपटला. चिमी पुढे झाली. तिनं चादर काढली, बरण्या ह्यांच्या पुढ्यात आणल्या आणि सगळं सांगितलं. मी केलं, बाबा, मला वाटलं तुम्हाला बरं पडेल. एक शब्द लपवला नाही पोरीनं. माझ्यावर तर काही ढकललं नाहीच.

हे बरण्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी एक बरणी उचलली, कानाशी नेली आणि हलवली. स्क्रू खळखळले. "होईल," हे चिमीला म्हणाले. तेव्हा कुठे ती पोर हुंदके देऊन रडली.

पण काय होईल? ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. भंगारवाला चिमीनं बोलावूनच ठेवला होता, कारण बाई परत यायची होती आणि केंद्राची टांगती तलवार होतीच. भंगारवाल्यानं पहिली इस्त्री उचलली तसे हे खुर्चीतून असे उसळले की पडलेच असते. "होईल! होईल!" दाराकडे बोट, इस्त्रीकडे बोट, बरण्यांकडे बोट. चिमीला वाटलं, द्यायची नाही म्हणतायत. मला मात्र कळलं. इतकी वर्षं काय उगाच भांडले?

"द्यायची आहे," मी म्हटलं. "पण उघडी नाही."

भंगारवाला हसला. "अहो काकू, मी नेऊन फोडणारच आहे ती."

"तुझ्या दारात फोड. आमच्या घरातून ती बंद होऊन जाईल."

त्या दिवसापासून सुरू झालं. चिमी यंत्र मांडायची, हे डाव्या हातानं बरणीतले स्क्रू ताटात ओतायचे. एक उचलायचा, भोकाला लावून बघायचा. नाही. दुसरा. नाही. तिसरा आत जायचा पण गरगर फिरायचा, धरायचा नाही. सापडला की हे माझ्याकडे बघायचे आणि स्क्रूड्रायव्हर मी फिरवायचा, कारण डाव्या हातानं त्यांना जोर लागत नव्हता आणि उजवा मांडीवर पडून असायचा. ज्या अवजाराला मी कधी बोट लावलं नव्हतं ते माझ्या हातात! मी उलटं फिरवलं की हे कपाळावर हात मारून घ्यायचे. "ओरडू नका," मी म्हणायचे, आणि ते तर ओरडलेलेच नसायचे. एकेका इस्त्रीला सकाळ जायची. बंद झाली की मी ती फडक्यानं पुसायचे, ह्यांच्यापुढे धरायचे, ते मान डोलवायचे आणि चिमी ती दाराबाहेर ठेवायची. भंगारवाल्यानं आधी चेष्टा केली, मग येता-जाता नुसता विचारायला लागला, "आज काय बंद झालं?"

मला आनंद व्हायला हवा होता. भिंत दिसायला लागली होती. तिचा रंग कुठला हेही मी विसरले होते. पण प्रत्येक यंत्र जाताना मला आतून कुणीतरी ओरबाडत होतं. हे शांत होते. तेच मला सहन होत नव्हतं. एकदा तरी रडा, चिडा, ढकलून द्या ते ताट! हे आपले निमूट एकेक यंत्र बंद करत होते, आणि बंद केलं की संपलं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

चिमीची रजा संपली. जाताना ती माझ्या गळ्यात पडली. तेव्हा मी म्हटलं, "तसं बोलायला नको होतं मी." ती म्हणाली, "माहितीये गं." भिंतीशी तेव्हा थोडीच यंत्रं उरली होती. ती आम्ही दोघांनी संपवली. बाई येऊन गेली, वाहवा म्हणाली. केंद्राचं नाव मिटलं.

टेबलावर एकच यंत्र राहिलं. माझा पंखा.

त्या दिवशी सकाळीच ह्यांनी तो पुढे ओढला. मी म्हटलं, "तो असू दे हो. तो काय वाटेत येतोय?" ह्यांनी ऐकलं नाही. टोपण मोटरवर बसवलं आणि बरण्या मागितल्या. त्या टोपणाला दोन स्क्रू. एक टेबलाच्या खणात सापडला, पडले त्या दिवशी ह्यांनीच टाकला असावा. तो बसला. दुसरा शोधू लागले. एकेक बरणी ताटात ओतायची, बोटानं पसरायची, उचलायचा, लावायचा, नाही. मी भाजी चिरत होते. सुरी चालत होती, पण काय चिरतेय ते बघत नव्हते. दुसरा स्क्रू माझ्या रुमालात होता. पहिल्या दिवसापासून. हॉस्पिटलात उशाखाली, घरी माझ्या झग्याच्या खिशात. धुवायला टाकताना रुमाल बदलायचे, पण स्क्रू एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. कुणाला सांगितलं नव्हतं. तो दिला की पंखा बंद होणार, आणि मग ह्या घरात काम चालू आहे असं काहीच उरणार नव्हतं.

दुपार झाली. हे जेवायला उठेनात. बरण्या संपल्या, पुन्हा पहिलीपासून सुरुवात. एक स्क्रू निसटून खाली पडला, तो उचलायला वाकले आणि तोल गेला. मी धावत जाऊन धरलं नसतं तर कपाळ फुटलं असतं. बसते केले तर डोळ्यांतून पाणी. पडल्यापासून पहिल्यांदा. सगळी यंत्रं गेली तेव्हा रडले नाहीत, आणि आता ह्या एका स्क्रूसाठी! त्यांनी बरण्यांकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोक्याकडे, आणि मान हलवली. माझ्या डोक्यातूनच गेला, असं म्हणत होते ते. मीच कुठेतरी हरवला. माणूस स्वतःला दोष देत होता आणि चोर त्याच्या शेजारी उभी होती.

मग माझ्यानं राहवेना. मी खिशातून रुमाल काढला, त्यांच्यासमोर गाठ सोडली आणि स्क्रू त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. बरोब्बर जिथून घेतला होता तिथे.

"तुमच्या मुठीत होता," मी म्हटलं. "मी लपवला. मला तो पंखा बंद करायचा नव्हता. शिव्या द्या मला हव्या तर."

ह्यांनी स्क्रू बघितला. मग रुमाल बघितला, त्याच्या चुरगळलेल्या कोपऱ्यासकट. मग माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूड्रायव्हर उचलला. म्हटलं, झालं एवढं खूप झालं, आता होऊन जाऊ दे. "लावा," मी म्हटलं. "मी आवळते."

त्यांनी स्क्रू भोकापाशी नेला. तिथेच धरून ठेवला. मग मागे घेतला आणि माझ्या रुमालात टाकला. आधी बसवलेला स्क्रू नखानं दाखवून मला खूण केली, की तोही काढ. मी काढला. तोही रुमालात. मग त्यांनी रुमालाचं एक टोक डाव्या हातानं उचललं आणि त्याची गाठ मारायला बघू लागले. एका हातानं गाठ बसते का? टोक निसटलं, परत धरलं, परत निसटलं. शेवटी त्यांनी ते टोक माझ्यापुढे केलं. मी दुसरं टोक धरलं. त्यांनी ओढलं, मी ओढलं, गाठ बसली. ती पुरचुंडी आम्ही पंख्याच्या दांडीला बांधली.

मी वाट बघत होते, हे म्हणतील. ह्यांच्याकडे तेवढा एकच शब्द आहे, आणि तो ते पाण्याच्या पेल्यालाही म्हणतात. पण पंख्याकडे बघून त्यांनी तो म्हटला नाही. तोंड घट्ट मिटून बसले. तेव्हा मला कळलं, की त्यांना सगळं ठाऊक आहे, माझ्याही आधीपासून ठाऊक आहे, आणि पंखा उघडा ठेवलाय तो माझ्यासाठी.

"चला, जेवण गार झालं," मी म्हटलं आणि वॉकर त्यांच्यापुढे सरकवला.